पश्चिम समुद्राची लक्ष्मी



शीव ह्या शब्दाचा अर्थ आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. शीव म्हणजे सीमा, गांवाची हद्द. मुंबईचें बेट जेथें संपे आणि खाडीपलीकडे साष्टीचें बेट जेथें सुरू होई, तें हें ठिकाण. म्हणून त्यास शीव हें नांव पडलें, आणि त्याच्या अंगास लागून कोळ्यांची जी वस्ती तो शीव कोळीवाडा. इंग्रजांनीं सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत येथल्या टेकडीवर किल्ला बांधला तो याच कारणानें कीं, पलीकडची साष्टी पोर्तुगीजांची होती. राज्यें बदललीं, खाडीवर भर पडली, किल्ल्याजवळून आगगाडी गेली. शीव हें नांव तेवढें राहिलें. ह्या कोळीवाड्यांत माझें बिऱ्हाड आहे, आणि आजच्या भाषणाचा विषय मला ग्रंथालयांत नव्हे, तर येथेंच सुचला.

त्याचें असें झालें. आमच्या आळींतील चार मुलांस मी संध्याकाळीं इतिहास शिकवीत होतों. चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी ह्यानें शेंकडो गलबतें घेऊन कोंकणांतील पुरी नांवाच्या राजधानीस वेढा घातला, असें मी सांगत होतों. शेजारच्या ओट्यावर एक वृद्ध कोळी गृहस्थ फाटलेलें जाळें सांधीत बसले होते. त्यांनीं मान वर न करतांच विचारलें, "मास्तर, येवढीं गलबतां, तीं वल्हवलीं कोनीं?" मी गप्प बसलों. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणत्याहि परीक्षकानें विचारला नव्हता, आणि माझ्या पुस्तकांत त्याचें उत्तर नव्हतें. त्या दिवसापासून मी तो शिलालेख पुन्हा नव्यानें वाचूं लागलों. विजय कोरलेल्या दगडावर आपण किती विश्वास ठेवावा, आणि कोणत्या गोष्टीसाठीं ठेवावा, हें त्या वाचनांत मला जें उमगलें तें आज आपणांपुढें मांडणार आहे.

प्रथम त्या दगडाची ओळख करून घेऊं. कर्नाटकांत, बागलकोट जिल्ह्यांत, मलप्रभेच्या कांठीं ऐहोळे नांवाचें गांव आहे. आज तें लहानसें खेडें आहे. एके काळीं देवळें बांधणाऱ्या कारागिरांची ती मोठी कर्मशाळा होती. गांवालगतच्या टेकडीवर मेगुती नांवाचें जिनालय आहे. त्याच्या पूर्वेकडील भिंतींत, बाहेरच्या अंगास, एक शिळा असून तिच्यावर सदतीस संस्कृत श्लोकांची प्रशस्ति कोरलेली आहे. कवीचें नांव रविकीर्ति. देऊळ त्यानें बांधविलें, प्रशस्तिहि त्यानेंच रचिली, आणि आपण कालिदास व भारवि ह्यांची कीर्ति मिळविली आहे, हेंहि अखेरीस त्यानेंच सांगून टाकलें. हा आत्मविश्वास पाहून हंसूं येतें खरें. परंतु वाङ्मयाच्या इतिहासकारांनीं त्याबद्दल रविकीर्तीचे आभारच मानले आहेत. कारण ह्या दगडावर स्वच्छ काळ दिलेला आहे. भारतीय युद्धापासून ३७३५ वर्षें आणि शकराजांच्या काळाचीं ५५६ वर्षें लोटलीं तेव्हां हें देऊळ बांधलें, असें तो म्हणतो. शके ५५६ म्हणजे इसवी सन ६३४. त्या वर्षीं कालिदास आणि भारवि हीं नांवें दक्षिणेंत इतकीं प्रख्यात होतीं कीं, एका कवीस त्यांच्याशीं आपली तुलना करण्याचा मोह व्हावा. कालिदासाचा काळ ह्या सालाच्या अलीकडे ओढणें त्यामुळें कोणासहि शक्य राहिलें नाहीं. राजाच्या पराक्रमासाठीं कोरलेल्या दगडानें सर्वांत भरंवशाची साक्ष दिली ती दोन कवींविषयीं! शिलालेखांचें हें असें असतें. लेख कोरविणाराला जें सांगावयाचें असतें त्यापेक्षां तो जातां जातां जें बोलून जातो तेंच पुष्कळदां अधिक मोलाचें ठरतें.

आतां प्रशस्तींतील पराक्रमाकडे वळूं. पुलकेशीचा बाप कीर्तिवर्मा. त्याच्या पश्चात् चुलता मंगलेश वातापीच्या, म्हणजे आजच्या बदामीच्या, गादीवर बसला. राज्य पुतण्यास न देतां स्वतःच्या पुत्रास द्यावें असें त्याच्या मनांत आलें. पुलकेशी राजधानी सोडून निघाला, सैन्य जमवून परतला, आणि पुत्राला राज्य देण्याच्या त्या खटपटींत मंगलेश राज्याला आणि प्राणाला एकदमच मुकला, असें रविकीर्ति सांगतो. चुलत्याचा वध ही गोष्ट त्यानें लपविलेली नाहीं, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. पुढें भीमेच्या उत्तरेस चालून आलेल्या अप्पायिक आणि गोविंद ह्या दोघांपैकीं एक भिऊन पळाला आणि दुसऱ्यानें सख्य करून बक्षीस मिळविलें. कदंबांची वनवासी वेढली गेली. गंग आणि आळुप सेवक बनले. ह्या सर्व प्रसंगांवरून कवि भराभर पुढें जातो. मग येतें तें आपलें कोंकण.

कोंकणासाठीं रविकीर्तीनें दोन श्लोक खर्चिले आहेत. पहिल्याचा आशय असा कीं, राजाच्या आज्ञेनें सुटलेल्या प्रचंड सेनेच्या लाटांपुढें कोंकणांतले मौर्य डबक्यांतल्या पाण्यासारखे क्षणांत वाहून गेले. मूळांत 'चंडदंड' असा शब्द आहे; कोणी तें सेनापतीचें नांव मानतात, पण 'प्रचंड सैन्य' हा साधा अर्थ मला अधिक नैसर्गिक वाटतो. दुसरा श्लोक पुरीचा. ह्यांत पुरीला पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हटलें आहे, आणि राजाची तुलना त्रिपुरें नष्ट करणाऱ्या शंकराशीं केली आहे, म्हणजे 'पुरी' आणि 'पुर' ह्या शब्दांवर कोटी साधली आहे. गलबतें शेंकड्यांनीं असून तीं मदमस्त हत्तींच्या कळपांसारखीं दिसत. त्यावेळीं ढगांच्या फौजांनीं भरलेलें आकाश सागरासारखें भासलें, आणि सागर आकाशासारखा.

चित्र मोठें सुंदर आहे. मी तें मुलांना रंगवून सांगितलें, तेव्हां ओट्यावरचा आवाज पुन्हा आला, "आभाल इतकं भरल्यावर दर्यांत गलबत कोन घालतो?" ह्या शंकेला विद्वत्तेनें उत्तर देतां येत नाहीं. पाऊस धरला कीं होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, त्या नारळी पौर्णिमेपर्यंत हालत नाहींत. पश्चिम किनाऱ्यावरचा हा नेम पुलकेशीच्या काळींहि काहीं वेगळा असणार नाहीं, कारण वारा आणि भरती ह्यांनीं तेव्हांपासून आपली वहिवाट बदललेली नाहीं. मग हे ढग आले कोठून? ते कवीच्या गरजेपोटीं आले. समुद्रावर जशीं गलबतें तसे आकाशांत ढग, म्हणजे दोहोंचें रूप एक झालें आणि उपमा जुळली. तेव्हां ह्या ढगांवरून स्वारीचा महिना ठरवूं पाहणें व्यर्थ आहे. रविकीर्ति ऐहोळ्याच्या टेकडीवर बसून लिहीत होता, आणि समुद्र तेथून पुष्कळ लांब आहे.

दुसरीहि एक गोष्ट मला त्या वाचनांत दिसली. आपण पाठ्यपुस्तकांतून 'पुरीस वेढा घातला' असें वाचतों. पण मूळ क्रियापदाचा अर्थ 'चिरडणें', 'तुडविणें' असा आहे. गलबतें हत्तींसारखीं म्हटल्यावर तीं तुडविणारच. वेढा हा शब्द भाषांतरकारांनीं घातलेला. प्रत्यक्षांत तेथें वेढा पडला कीं अकस्मात् हल्ला झाला, पुरीच्या राजाचें नांव काय, तो लढतां लढतां पडला कीं शरण गेला, ह्यांतलें कांहींच रविकीर्ति सांगत नाहीं. जेत्याच्या कवीला जिताचें नांव घेण्याची गरज भासली नाहीं. आणि गंमत पाहा: ह्याच प्रशस्तींत थोड्या आधीं पुलकेशीच्या बापाची स्तुति आहे, तींत कीर्तिवर्मा हा नल, मौर्य आणि कदंब ह्यांना काळरात्रीसारखा झाला असें म्हटलें आहे. म्हणजे ज्या मौर्यांना बापाच्या वेळींच काळरात्रीनें गांठलें, ते मुलाच्या वेळीं पुन्हा आपल्या समुद्रावर राज्य करीत आहेतच! एका पिढीच्या अंतरानें त्याच शत्रूचा दोनदां समूळ नाश होतो तेव्हां पहिला नाश फारसा समूळ नव्हता, असें समजण्यास हरकत नाहीं.

हे कोंकणचे मौर्य कोण? अशोकाच्या घराण्याशीं त्यांचा संबंध जोडण्याचा मोह सहज होतो, कारण आपल्या जवळच, सोपाऱ्यास, अशोकाच्या शिलाशासनांचे तुकडे मिळाले आहेत. पहिला तुकडा १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनीं उजेडांत आणला. परंतु अशोक आणि पुलकेशी ह्यांच्यामध्यें नऊ शतकांचें अंतर आहे. पालघर जिल्ह्यांत वाडा येथें सुकेतुवर्मा ह्या मौर्य राजाचा लेख सांपडला. त्यावरून इतकें सिद्ध होतें कीं, मौर्य हें कुलनाम धारण करणारें घराणें उत्तर कोंकणांत पुलकेशीच्या आधीं कित्येक पिढ्या नांदत होतें. त्यांच्या राज्याची बाकीची कहाणी अंधारांत आहे.

आणि पुरी? ती कोठें होती ह्यावर विद्वानांचें एकमत नाहीं. कोणी तिला जंजिऱ्याजवळची राजपुरी मानतात, कोणी साष्टींत शोधतात, आणि अनेकांच्या मतें ती मुंबई बंदरांतील घारापुरी. ह्या बेटाच्या नांवांतच पुरी आहे. तेथल्या वस्त्यांचीं राजबंदर, मोराबंदर, शेतबंदर हीं नांवें एके काळच्या गजबजलेल्या बंदराची आठवण देतात. सहाव्या शतकांतलें एवढें प्रचंड शिवलेणें ओसाड बेटावर कोणी खोदवीत नाहीं. बेट राजधानीस फार लहान आहे हा आक्षेपहि दुबळा नाहीं. तथापि समुद्रावर ज्यांचें राज्य त्यांची राजधानी जमिनीच्या मापानें मोजूं नये, असें मला वाटतें. गलबतें नांगरण्यास आसरा, गोड्या पाण्याची सोय, आणि ठाण्याच्या व पनवेलीच्या खाड्यांच्या तोंडावर नजर, एवढें घारापुरीस आहे. शीवेच्या बाजूनें पाहूं गेल्यास ट्राँब्याचा डोंगर आड येतो; त्या डोंगराच्या पलीकडे, बोटीनें थोड्या वेळाच्या अंतरावर हें बेट आहे. ज्या गलबतांविषयीं कोळीबाबांनीं विचारलें तीं कदाचित् आपल्याच खाडीच्या तोंडाशीं येऊन उभीं राहिलीं असतील.

ह्या वादाचा निकाल एका दगडानें लागला असता. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं वसईचा मुलूख घेतला, त्याबरोबर घारापुरीहि त्यांच्याकडे गेली. दियोगु दु कूतु नांवाचा त्यांचा इतिहासकार लिहितो कीं, लेण्याच्या द्वारावर अक्षरें कोरलेली एक मोठी शिळा होती. ती काढून त्यांनीं येथल्या हिंदूंना आणि मुसलमानांना दाखविली. कोणालाच ती वाचतां आली नाहीं. तेव्हां ती पोर्तुगालच्या तिसऱ्या जॉन राजाकडे पाठविण्यांत आली. तेथें राजानें पुष्कळ खटपट केली, पण अक्षर लागलें नाहीं. आणि पुढें ती शिळाच बेपत्ता झाली. घारापुरीचें लेणें कोणीं खोदविलें, त्या बेटाचें त्या वेळचें नांव काय, तेथला राजा कोण, हें सारें बहुधा तिच्यावर लिहिलेलें होतें. बेटाला ज्याच्यावरून परदेशीयांनीं हत्तीचें नांव दिलें तो दगडी हत्ती इंग्रजांनीं विलायतेस नेण्याच्या खटाटोपांत मोडला; पण त्याचे तुकडे निदान भायखळ्याच्या बागेपर्यंत पोंचले आणि सांधून उभे केलेले आपण तेथें पाहूं शकतों. त्या शिळेच्या नशिबीं तेवढेंहि नव्हतें.

एक दगड मात्र मुंबईच्या पोटांत सुरक्षित राहिला. १९३१ सालीं परळला रस्ता करीत असतां जमिनींतून सुमारें दोन पुरुष उंचीची एक अखंड शिवमूर्ति निघाली: मध्यें एकावर एक तीन रूपें, दोहों बाजूंस फुटलेलीं आणखी चार, आणि पायाशीं वाद्यें वाजविणारे गण. बारादेवीच्या देवळांत ती आज पुजली जाते. गिरणगांवांतल्या पुष्कळ मंडळींनीं तिचें दर्शन घेतलें असेल, क्वचित् कोणी तिचें वय विचारलें असेल. ती सहाव्या शतकांतील आहे असें कलेचे जाणकार सांगतात. म्हणजे रविकीर्तीनें लिहिण्यास बसण्यापूर्वीं दोनतीन पिढ्या, ज्यांना त्यानें डबक्यांतलें पाणी म्हटलें त्यांच्या ह्या मुलुखांत, असा पाषाण घडविणारे हात होते. घारापुरीवर कलचुरि राजा कृष्णराज ह्याचीं नाणीं मिळालीं आहेत, तेव्हां ह्या कलेचा आश्रयदाता मौर्य होता कीं त्यांचा कलचुरि अधिराज, हा वेगळा प्रश्न राहतो. परळच्या मूर्तीवर करविणाराचें नांव नाहीं. एका बाजूस नांवावांचून उभी असलेली मूर्ति आणि दुसऱ्या बाजूस नांवांनीं भरलेली प्रशस्ति. आपला इतिहास ह्या दोहोंच्या मधल्या जागेंत लिहावा लागतो.

मग ऐहोळेचा लेख खोटा समजावा काय? मुळींच नाहीं. त्याची परीक्षा घेण्याचीं साधनें आपल्या हातीं आहेत, आणि तो पुष्कळ ठिकाणीं उतरतोहि. हर्षाचें प्रकरण घ्या. कनोजचा सम्राट हर्ष, ज्याच्या पायाशीं सामंतांचे मुगुट लोळत, त्याचे हत्ती रणांत पडलेले पाहून भयानें त्याचा 'हर्ष' गळाला, अशी कोटी रविकीर्ति करतो. ही दरबारी बढाई म्हणून सोडून दिली असती. पण चिनी यात्रेकरू ह्युएन् त्संग, जो हर्षाचा स्नेही आणि त्याच्या आदरातिथ्याचा ऋणी होता, तोच लिहितो कीं, पूर्वपश्चिम सारे देश ह्या राजानें जिंकले, एक महाराष्ट्र मात्र त्याला वश झाला नाहीं. पक्ष बदलूनहि साक्ष जुळली म्हणजे ती मानावी. ह्या यात्रेकरूनें इ. स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्र पाहिला. येथले लोक उपकार करणाराला विसरत नाहींत आणि अपमान करणाराला सोडीत नाहींत, सूड घेण्यापूर्वीं शत्रूला सूचना देतात, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. आपल्याविषयींचें हें वर्णन वाचतांना मी नेहमीं थोडा सुखावतों, आणि थोडा बिचकतोंहि.

खुद्द हर्षाचे ताम्रपट आहेत. बांसखेड्याच्या पटावर तर त्याच्या वळणदार सहीची नक्कल कोरलेली दिसते. त्यांत पुलकेशीचें नांवहि नाहीं. हें स्वाभाविकच आहे. पराभवासाठीं तांबें कोण खर्च करतो? हें युद्ध केव्हां झालें ह्यावर पुष्कळ दिवस वाद चालला होता. २०१६ च्या सुमारास पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील विद्वानांनीं पुलकेशीचा इ. स. ६१९ मधील एक ताम्रपट वाचला, आणि त्यावरून ती लढाई ६१८-१९ च्या हिवाळ्यांत झाली असें मांडलें. तेराशेंहून अधिक वर्षें बंद असलेलें प्रकरण एका पत्र्यानें पुन्हा चौकशीस काढलें.

हर्षाच्या पराभवानंतर रविकीर्ति सांगतो कीं, नव्याण्णव हजार गांवें असलेल्या तीन महाराष्ट्रकांचें आधिपत्य पुलकेशीस मिळालें. हा आकडा शिरगणतीचा नव्हे. त्या काळीं प्रांतांच्या नांवाशीं असे ठरीव आकडे जोडण्याची चालच होती. आपल्या साष्टीचें जुनें नांव षट्षष्टि, सहासष्ट गांवांचें, तेंहि ह्याच चालींतलें. आकडा सोडा, पण सत्ता खरी होती काय? येथें प्रशस्तीपेक्षां मी ताम्रपटाकडे पाहीन. नाशिक जिल्ह्यांत लोहनेर येथें पुलकेशीचा शके ५५२ चा, म्हणजे इ. स. ६३० चा, ताम्रपट मिळाला, इतिहाससंशोधक ग. ह. खरे ह्यांनीं तो प्रसिद्ध केला. चिपळूणच्या ताम्रपटांत पुलकेशीचा मामा, सेंद्रक कुळांतील श्रीवल्लभ सेनानंदराज, एक गांव दान देतो. प्रशस्ति ऐकणारा मान डोलवून घरीं जातो. दानपत्र मात्र गांवच्या पाटलाला दाखवावयाचें असतें, आणि त्याप्रमाणें कर कोणी घ्यावा व कोणी सोडावा हें ठरावयाचें असतें. जो राजा दुसऱ्याच्या गांवाचें दान करतो त्याचें तें दान चालत नाहीं. म्हणून नाशकाकडे आणि कोंकणांत पुलकेशीचा अंमल बसला होता, ह्याची खरी पावती हे पत्रे आहेत. रविकीर्तीचे ढग आणि हत्ती नव्हेत.

आतां दक्षिणेकडे जाऊं, कारण तेथें ह्या प्रशस्तीला तिच्या तोडीचें उत्तर मिळालें. रविकीर्ति म्हणतो, पल्लवांचा राजा पुलकेशीच्या सैन्याच्या धुळीनें झांकोळून कांचीच्या तटाआड दडला. हें ६३४ मध्यें. त्यानंतर थोड्याच वर्षांत, ६४२ च्या सुमारास, महेंद्रवर्म्याचा पुत्र नरसिंहवर्मा खुद्द वातापीवर चालून आला आणि त्यानें ती घेतली. बदामीच्या एका खडकावर त्याचा लेख आहे. आज तो फार झिजलेला आहे, परंतु पल्लव राजाचें नांव आणि वातापीचें नांव त्यांत लागतें. ऐहोळे तेथून अवघ्या दहाअकरा कोसांवर. मेगुतीच्या भिंतींतल्या अक्षरांना दहा वर्षेंहि झालीं नव्हतीं, तोंच राजधानींत शत्रूचीं अक्षरें उमटलीं. पुढच्या काळांतील पल्लवांच्या कूरम येथील ताम्रपटांत तर असें म्हटलें आहे कीं, पळणाऱ्या पुलकेशीच्या पाठीवर नरसिंहवर्म्यानें 'विजय' हीं तीन अक्षरें ताम्रपटावर लिहावीं तशीं लिहिलीं. सम्राटाच्या पाठीचाच पत्रा केला! ह्या लढायांनंतर पुलकेशी आपणांस कोठें भेटत नाहीं; बहुधा तो त्यांतच पडला. त्याचा पुत्र विक्रमादित्य ह्यानें कांहीं वर्षांनीं राज्य परत मिळविलें, आणि त्याच्या वंशांतील दुसऱ्या विक्रमादित्यानें आठव्या शतकांत कांची घेतली, तेव्हां त्यानें तेथील कैलासनाथाच्या देवळाच्या खांबावर आपला लेख कोरविला. मात्र त्यांत देवाची संपत्ति लुटली नाहीं, परत दिली, असें लिहविलें. सर्व विजयलेखांत हा मला अधिक सभ्य वाटतो.

तर चालुक्य आणि पल्लव दोघेहि लिहिणारे होते, म्हणून त्यांच्या भांडणांत आपणांस दोन्ही बाजू ऐकूं येतात. हर्षाच्या बाबतींत एक यात्रेकरू साक्षीला मिळाला. पुरीच्या बाबतींत तिसरा कोणी नाहीं. तेथला एकमेव दगड लिस्बनला गेला आणि नाहींसा झाला. पुरी एका कवीच्या दोन श्लोकांत उरली आहे, आणि तो कवि तिच्या शत्रूचा आश्रित होता. त्यांतून एवढेंच काढून घेतां येतें कीं, सातव्या शतकाच्या पूर्वार्धांत आपल्या किनाऱ्यावर एक संपन्न राजधानी होती. ती जमिनीकडून नव्हे, तर पाण्याकडून जिंकावी लागली. आणि घाटावरचा एक राजा त्यासाठीं मोठें आरमार उभें करूं शकला. 'लक्ष्मी' हा शब्द मी येथें अलंकार मानीत नाहीं. ज्या नगरीला शत्रूचा कवि लक्ष्मी म्हणतो तिच्या बंदरांत पैसा होता.

राहिला कोळीबाबांचा पहिला प्रश्न. घाटावरच्या राजाला आरमार मिळालें कोठून? बदामीस समुद्र नाहीं. मंगलेशाच्या वेळींच चालुक्यांनीं रेवतीद्वीप, म्हणजे वेंगुर्ल्याजवळचें रेडी, घेतलें होतें, हें ह्याच प्रशस्तींत आहे. दक्षिण कोंकणचीं बंदरें त्यामुळें त्यांच्या हातीं आलीं होतीं, आणि तीं शेंकडो गलबतें, त्यांचे तांडेल, त्यांचे खलाशी बहुधा तेथूनच आले असावेत. म्हणजे कोंकणच्या एका बंदराचे लोक कोंकणच्याच दुसऱ्या बंदरावर वल्हवीत आले. हा माझा तर्क आहे, दगडाचा नव्हे. दगडावर हत्ती आहेत, ढग आहेत, कमळ आहे. वल्हें मात्र नाहीं.

वल्हीं जेथें आहेत तो दगड पुष्कळ नंतरचा आणि वेगळ्या जातीचा आहे. बोरिवलीजवळ एकसर गांवीं शिलाहारांच्या काळांतले वीरगळ उभे आहेत. कांहीं विद्वान त्यांचा संबंध तेराव्या शतकांतील, यादव महादेव आणि शिलाहार सोमेश्वर ह्यांच्या, समुद्रावरील झुंजीशीं जोडतात. कांहीं त्यांना त्याहून जुने मानतात. त्यांवर वाचतां येईल असा लेख नाहीं. परंतु चित्रें आहेत: उंच नाळेचीं गलबतें, त्यांवर दाटीनें उभे असलेले धनुर्धारी, आणि खालीं एका रांगेंत पाण्यांत उतरलेलीं वल्हीं. पडलेले वीर स्वर्गास जातात तेंहि वर दाखविलें आहे. हे दगड राजांनीं नव्हे, तर बहुधा मेलेल्यांच्या माणसांनीं उभे केले.

त्या वीरगळांचें एक छायाचित्र मी परवां कोळीबाबांना नेऊन दाखविलें. त्यांनीं तें उजेडांत धरून बराच वेळ पाहिलें, एका गलबताचीं वल्हीं बोटानें मोजलीं, सुकाणू कोठें आहे तें मला दाखवून दिलें. माझ्या तें इतक्या वर्षांत लक्षांत आलें नव्हतें. मग विचारलें, "बोरिवलीला कुठं आहेत ते?" येत्या रविवारीं आम्ही दोघे एकसरला जाणार आहों.